अकरा बेटांचा कार्यक्रम

१ जानेवारी १९९७, बुधवार. सकाळी ६.१०

नवीन डायरी. रोज लिहायचं. थोडक्यात, मुद्देसूद. ही कुणी वाचायची नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

यंदाचं काम एकच. अंदमान. सरकार आम्हा कर्मचाऱ्यांना चार वर्षांतून एकदा देशात कुठंही जायचं भाडं देतं. ही चार वर्षं डिसेंबरात संपतात. ऑफिसातले बाकीचे या सवलतीचं काय करतात? मेव्हण्याच्या गावी जातात आणि परत येऊन 'हवा छान होती' म्हणतात. गाढवाला गुळाची चव काय!

चारुलताला चहाबरोबरच सांगून टाकलं. तिने कप खाली ठेवला. ती जतची. पाण्याचा टँकर आला की त्या गावात मुलं टाळ्या वाजवायची. शाळेच्या नकाशात तिने अंदमानचे ठिपके पाहिले आणि बाईंना विचारलं म्हणे, या ठिपक्यावर माणूस उभा राहतो का? बाईंनी पट्टी मारली. बरोबरच केलं. पण तेव्हापासून हिला ठिपक्यावर उभं राहायचं आहे. लग्न झालं तेव्हा मी कबूल केलं होतं. मेमध्ये त्याला पंचवीस वर्षं होतील.

म्हणाली, मला एकच बेट पुरे, पण उतरायला मिळू दे हं, गुडघे आता फार दिवस ऐकतील असं वाटत नाही. डॉक्टर पावसाळ्यानंतर ऑपरेशन म्हणतात.

एकच! मोठा विचार करायची सवयच नाही. मी नकाशा काढला. सात दिवसांत अकरा बेटं बसतात. बसवली.

५ जानेवारी, रविवार

हारुन आणि सलिमाही येणार. हे चारुलताने परस्पर ठरवलं. समोरच्याच ब्लॉकमध्ये राहतात. हारुन मूळचा श्रीवर्धनचा, इथं कळंबोलीच्या लोखंड बाजारात तारेचे दोर विकतो. त्याचे वडील बोटीवर खलाशी होते, म्हणून स्वतःला समुद्रातला समजतो. समुद्र काय वारसाहक्काने मिळतो?

त्याला विचारलं, तुझं नियोजन काय? म्हणाला, श्यामराव, टेन्शन कशाला घेताव, थय जाऊन बघू, बोटवाल्याला विचारू. जाऊन बघू! या देशाचं वाटोळं याच तीन शब्दांनी झालं. ('जाऊन बघू' दोनच शब्द आहेत. तरीही.)

फाइल उघडली. टॅग, पुठ्ठा, अनुक्रमणिका. प्रत्येक बेटाला स्वतंत्र पान.

१२ जानेवारी, रविवार. रात्री ८

पहिली मीटिंग. वेळ संध्याकाळी सहा वाजून पंधरा मिनिटे, चिठ्ठीने कळवली होती. मी विषय क्रमांक एक वाचायला घेतला आणि हारुन उठून गेला. म्हणे रोजा सोडायची वेळ. वेळ चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेली असताना ही तक्रार आधी करायची. चारुलता म्हणाली, काल रमजान लागला हे अख्ख्या सोसायटीला माहीत आहे. मला कुणी लेखी कळवलेलं नाही.

सलिमाने भजी आणि खजूर पाठवले. खाल्ले. मीटिंग तहकूब.

१५ जानेवारी, बुधवार

मुख्य अडचण भरती-ओहोटीची. पाणी भरलेलं असेल तर बोट थेट वाळूला लागते, चारुलता एक पाऊल टाकून उतरेल. ओहोटीला बोट लांब थांबते, मग खडकांवरून चालत जा. ते तिला जमणार नाही. म्हणजे सगळं वेळेवर अवलंबून.

ऑफिसातला शिपाई गोटीराम घणसोली गावातला, घरची होडी आहे. सहज विचारलं. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि बोटांवर न मोजता सांगितलं, आज अमुक वाजता भरती. मी चकित झालो नाही. रीत साधी निघाली. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, भरती तीनला. अष्टमीला आठ पाऊण सहा. बस्स.

माझी पाऊणकी तिसरीपासून तोंडपाठ! हा सातवी नापास माणूस ते अंदाजाने करतो, मी शास्त्राने करीन. जाताना तो म्हणाला, सायेब, ही आमच्या खाडीची गनती हाय, दुसऱ्या पान्याची त्या पान्यावाल्याला इचारा. आपलं महत्त्व टिकवायची धडपड, दुसरं काय. पाणी ते पाणी, आणि चंद्र एकच आहे.

सात दिवसांच्या तिथी काढून सर्व वेळा टाइप करवल्या. तीन प्रती.

१९ जानेवारी, रविवार. एकादशी

रिहर्सल. अकरा पाऊण सव्वाआठ. घणसोलीच्या खाडीत गोटीरामची होडी. चारुलता आणि सलिमा बांधावर उभ्या.

सव्वाआठला पाणी बरोबर काठोकाठ. माझी पद्धत सिद्ध झाली. गोटीराम म्हणाला, नवाला परत फिरू, मागून चिखल होल. मी होकायंत्राने दिशा घेत होतो, त्याला आणखी अर्धा तास लागला. पावणेदहाला काठापाशी आलो तर पाणी नव्हतं. हे चिखलाचं नियोजन गोटीरामने करायला हवं होतं. मांडीपर्यंत रुतलो. डावी चप्पल गेली. गोटीरामने काखेत हात घालून ओढलं. बांधावर दोघी बायका हसत होत्या. चारुलता तर बांध धरून बसलीच.

घरी आल्यावर ती म्हणाली, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. गोटीरामबद्दल असावं.

एकूण रिहर्सल यशस्वी.

१० फेब्रुवारी, सोमवार

ईद. हारुनकडे शीरखुर्मा. दोन वाट्या. मी फाइल नेली होती, सर्व पाहुण्यांना कार्यक्रम समजावून सांगितला. हारुनचे एक मामा वीस वर्षं जहाजावर होते, ते बेटाबेटाचं पान ऐकत राहिले आणि शेवटी हारुनला म्हणाले, तुझ्या शेजाऱ्याला जेवून घेऊ दे. जळफळाट झाला असणार.

प्रवासाला चार दिवस उरले. चारुलता रोज संध्याकाळी गॅलरीत पायऱ्या चढल्यासारखी जागच्या जागी पाय उचलते. वीस वेळा उजवा, वीस वेळा डावा. विचारलं तर म्हणते, उतरताना पाय लटपटायला नकोत. हे फाइलमध्ये कुठंही नाही. तरी करते.

१७ फेब्रुवारी, सोमवार. मद्रास

नाव आता चेन्नई. उकाडा तोच.

बोट आज सुटणार होती. बंदरावर कळलं, परवा सुटेल. काचेपलीकडच्या माणसाला मी फाइल दाखवली, त्यात 'सतरा, दुपारी' असं टाइप केलेलं आहे. तो म्हणाला, ये हमने नहीं लिखा. निर्लज्जपणा बघा.

अकरातली चार बेटं कापावी लागली. लाल शाईने, पट्टी धरून. हारुन मजेत. सलिमा नि चारुलताला घेऊन समुद्रावर भटकला, उकडलेले शेंगदाणे आणले. मी खोलीत थांबून सुधारित कार्यक्रम तयार केला. कुणीतरी काम करायला नको का?

२० फेब्रुवारी, गुरुवार. बोटीवर

उलटी. लिहिणं अशक्य.

२१ फेब्रुवारी. बोटीवर

तीच. चारुलता ठणठणीत. डेकवर बसून एका मल्याळी बाईला अळूवडीची कृती सांगते आहे. ज्यांना डोकं कमी त्यांना समुद्र लागत नाही असं कुठंतरी वाचलं आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार. पोर्ट ब्लेअर

पोचलो. जमीन हलते आहे. उद्यापासून सात बेटं. शिल्लक दिवस चार. म्हणजे रोज पावणेदोन बेटं. अशक्य नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

जमीन अजून हलते. सबब आजचं पावणेदोन रद्द.

संध्याकाळी घोर अपमान. सहा चाळीसचा सूर्यास्त मी फाइलमध्ये धरलेला. कळंबोलीला तेव्हाच होतो. इथं साडेपाचच्या आत अंधार पडू लागला. घड्याळ बंद पडलं असं वाटून हॉटेलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, यहाँ सूरज जल्दी जाता है साब. सगळा देश एका घड्याळावर चालतो आणि इथला सूर्य तेवढा मनमानी करतो. रोजचा सव्वा तास गेला. आणखी दोन बेटं कापली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सर्वात चांगलं बेट सोमवारी बंद. बेट बंद! दुकान आहे का ते? जेटीवर उभ्या माणसाला मी पंधरा मिनिटं ऐकवलं. शेवटी कळलं तो पोस्टमन होता.

हारुन दोघींना बाजारात घेऊन गेला. तिथं शिवा नावाचा एक बोटवाला त्याला भेटला. म्हणे बुधवारी एका छोट्या बेटावर नेईल. त्याला नावही नाही, सगळे छोटा टापू म्हणतात. ज्याला नाव नाही त्याचं पान कसं काढायचं?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सरकारी बोटीचं तिकीट खिडकीवर मिळतं. मी ते अर्ज करून रीतसर घ्यायचं ठरवलं होतं, कारण खिडकीवर गर्दी करणं माझ्या स्वभावात नाही. अर्ज इंग्रजीत, सोबत कार्यक्रमाची प्रत. साहेब जेवायला गेले होते. ते आले तेव्हा बोट गेली होती. साहेब मात्र सभ्य माणूस. म्हणाला, इतका सुंदर टाइप केलेला अर्ज इथं प्रथमच आला.

चारुलता जेटीच्या कठड्याला धरून उभी होती. बोट दिसेनाशी झाली तरी हलली नाही. मी म्हटलं, अजून चार बेटं शिल्लक आहेत. ती म्हणाली, परवा आपली परतीची बोट आहे. एवढंच. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

नाइलाजाने शिवाला होकार दिला. एक बेट, उद्या. मात्र वेळ मी ठरवणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९.३०

वद्य चतुर्थी. चार पाऊण तीन. भरती तीनला. बोटीला एक तास लागतो, म्हणजे दोनला निघायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

शिवा म्हणतो आत्ता निघा. साब, बारा-एक बजे पानी पूरा रहेगा, तीन बजे तो पत्थर निकल आएगा. मी त्याला कागद काढून पाऊणकी समजावली. त्याला पाढेच येत नाहीत, कप्पाळ कळणार! हारुनने तोंड घातलंच, श्यामराव, बा सांगायचा, हर बंदराचा पानी वेगला, हय आपला हिशोब चालायचा नाय. मी म्हटलं, तुझे वडील खलाशी होते, मी हेडक्लार्क आहे. तो उठून बाहेर गेला. पटलं असावं.

चारुलताही म्हणाली, अहो, हा माणूस रोज इथंच असतो ना. तिला गोटीरामच्या खाडीतल्या सव्वाआठच्या प्रयोगाची आठवण करून दिली. ती सकाळी सहापासून तयार होऊन बसली आहे. साडी गुडघ्याखाली चांगली चापून नेसली आहे, पायात सलिमाचे रबरी बूट. दोनपर्यंत असंच बसावं लागेल. शिस्त म्हटली की हे आलंच.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७

तीन वाजून पाच मिनिटांनी बेटासमोर पोचलो. वेळ अचूक.

पाणी नव्हतं.

म्हणजे होतं, पण गुडघाभर, आणि त्यातून काळे खडक वर आलेले. शिवाने खोल पाण्यातच नांगर टाकला. वाळू समोर, पाच-सहा बसगाड्या एकापुढे एक लावल्या तर पुरेल एवढ्या अंतरावर. मी घड्याळ दाखवलं. तो म्हणाला, घडी सही है साब, पानी चला गया. मी पंधरा मिनिटं थांबा म्हटलं. भरती कधी कधी लेट होते. थांबलो. आणखी चार खडक वर आले.

चारुलता वाळूकडे बघत होती. मग पदर खोचून म्हणाली, मी चालत जाते. सलिमाने तिचा हात धरला, ताई, तुमचा गुडघा जाल, वेड्या झालाव काय! चारुलता म्हणाली, गेला तर गेला. हे बोलताना तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा शिवाने काय केलं, बोटीच्या कडेला धक्का लागू नये म्हणून बांधलेली ट्रकची जुनी ट्यूब सोडली. पाण्यात टाकली. हारुन पँट दुमडून उतरला, सलिमा सलवारीसकट उतरली, आणि पन्नाशीला आलेल्या माझ्या बायकोला दोघांनी त्या ट्यूबमध्ये बसवलं. पाय वर, रबरी बूट आकाशाकडे. एक ढकलतो, दुसरी खडकांवरून वाट काढत ओढते. आमच्या ऑफिसातल्या कुणी बघितलं असतं तर? चारुलता हसत होती. मोठ्याने. इतक्या मोठ्याने ती घरी हसत नाही.

शिवा म्हणाला, चलो साब, मैं ले जाता हूँ, कमर तक ही है. मी म्हटलं, फाइल भिजेल. तो म्हणाला, फाइल यहाँ रखो. त्याला कागदपत्रांचं महत्त्व काय कळणार? शिवाय बोटीवर जबाबदार माणूस हवाच. मला पोहता येतं. आलं असतं, शिकलो असतो तर.

ते तिघं वाळूला लागले ते तीन बावन्नला. मी नोंद केली. चारुलता ट्यूबमधून उठली, बूट काढले आणि नुसती उभी राहिली. इकडे तिकडे फिरली नाही, शिंपले वेचले नाहीत. उभी. शिवा बिडी ओढत म्हणाला, मैडम बहुत खुश है. थोड्या वेळाने तिने हात हलवला. मीही उभं राहून दोन्ही हात हलवले. मग लक्षात आलं, माझ्या बाजूला पाण्यात सलिमा उभी होती, कॅमेरा घेऊन.

वाईट वाटलं. लिहायचं नव्हतं, पण वाटलं.

चार वीसला ते वाळूवरून परत निघाले. पोचेपर्यंत अंधार होणार होता. अठ्ठावीस मिनिटं बेट. शिवाने आपलं ऐकून घ्यायला भाग पाडलं असतं तर दोन तास मिळाले असते. या लोकांना ठामपणे बोलता येत नाही, हाच यांचा दोष.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. बोटीवर

उलटी.

५ मार्च, बुधवार. कळंबोली

घरी. चारुलताचा गुडघा सुजलेला नाही. शेजारच्या बायका रोज येतात, ती बेटाचं सांगते. मी खोलीत गेलो की विषय बदलतो. काल जिन्यात एकीने मला विचारलं, तुम्ही नव्हता का गेला? मी म्हटलं, सगळं आयोजन माझंच होतं. ती हो का म्हणाली आणि वर गेली.

फोटो धुऊन आले. छत्तीसपैकी एकात मी आहे. पाठमोरा, बोटीच्या कडेला वाकलेला. बाकी चारुलता. एका फोटोत ती वाळूवर उभी, डोळे मिटलेले. सलिमाने फोटो काढताना डोळे उघडे आहेत का एवढंही पाहिलं नाही.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी ७.१५

ऑफिसच्या भित्तिपत्रकाला लेख द्यायचा आहे. साहेबांनी स्वतः सांगितलं. शीर्षक ठरलं, 'अंदमानची बेटं: एक प्रत्यक्ष अनुभव'. प्रस्तावना दीड पान, झकास उतरली. बोटींचं व्यवस्थापन आणि त्यातले दोष, दोन पानं. मग बेटावर पाय ठेवायचा परिच्छेद आला आणि पेन अडलं. वाळू नेमकी कशी असते? गरम असते का? वास येतो का?

चारुलता मेथी निवडत होती. तिच्यासमोर पाटावर बसलो, पॅड मांडीवर घेतलं आणि विचारलं, तुला ते बेट कसं वाटलं?

तिने हातातली जुडी खाली ठेवली. माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं. आणि मग सांगायलाच लागली. म्हणाली, वाळू फोटोत दिसते तशी मऊ नाही हो, तांदळाच्या कण्यांसारखी, टोचते. मी मुद्दाम बूट काढले. सलिमा म्हणाली चला ताई पुढे, मी म्हटलं थांब गं जरा. मला शाळेतल्या बाई आठवल्या. वाटलं, बाई, राहतो हो माणूस उभा. आणि तुम्ही बोटीत उभे दिसत होता, एवढेसे. मला वाटलं, आणलं यांनी, कसं का होईना, आणलंच की. आणि मग बघा, साडेतीनच्या सुमाराला ऊन तिरपं झालं नि पाण्यात—

मी लिहून घेत होतो. साडेतीन हे चूक. तिला तसं सांगितलं. तीन बावन्नच्या आधी तुम्ही वाळूवर नव्हताच, माझ्याकडे नोंद आहे, फाइल दाखवतो. उठून फाइल आणली, पान काढलं, बोट ठेवून दाखवलं.

तिने पान बघितलं. हो, बरोबर असेल, म्हणाली.

मी पॅड सरसावून म्हटलं, हां, तर पाण्यात काय?

म्हणाली, काही नाही. आणि मेथी उचलून आत गेली.

आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा तिने कुकर लावायचं आहे असं सांगितलं. लेख उद्या द्यायचा आहे. पाण्यात काय दिसलं, तेवढ्या चार ओळींची जागा कोरी सोडली आहे.